एका डोळ्याने गाडी चालवताना नेमकं काय कमी पडतं?

एक डोळा अधू असलेलं कुणी ना कुणी प्रत्येकाच्या ओळखीत असतंच. कुणाला लहानपणी विटी लागलेली असते, कुणाचा एक डोळा 'आळशी' राहिलेला असतो, कुणाचा पडदा मधुमेहाने खराब केलेला असतो. गाडी शिकायची वेळ आली की घरातलं कुणीतरी हमखास सांगतं, 'बोलायचं नाही, एजंटाला धर, लायसन्स हातात येईल.' सोलापुरात हा सल्ला इतका सहज दिला जातो की त्यात काही वावगं आहे असं कुणाला वाटतही नाही. मला मात्र तो फार घातक वाटतो. सांगायची लाज वाटावी असं यात काही नाही, आणि तपासून घ्यायला हवं ते लपवाछपवीत तसंच राहून जातं.

आधी आरटीओचा कागद बघू. लायसन्सच्या अर्जासोबत 'फॉर्म १' नावाचं स्वयंघोषणापत्र भरावं लागतं. त्यात विचारलेलं असतं की चांगल्या उजेडात, लागत असल्यास चष्मा लावून, २५ मीटरवरची मोटारीची नंबरप्लेट प्रत्येक डोळ्याने वाचता येते का? याच प्रश्नात एक सवलतही आहे. ज्याच्याकडे किमान पाच वर्षं लायसन्स होतं आणि त्यानंतर ज्याचा एक डोळा गेला, त्याने एकाच डोळ्याने प्लेट वाचली तरी चालते. अट अशी की अर्ज हलक्या खासगी गाडीसाठी हवा आणि स्टिअरिंगच्या बाजूला बाहेर आरसा हवा. रिक्षा, टेम्पो, ट्रक यांना ही सवलत नाही.

हे २५ मीटर म्हणजे नेमकी किती नजर? चारचाकीच्या प्लेटवरची अक्षरं नियमाप्रमाणे ६५ मिलिमीटर उंच असतात. एका अंशाचे ६० भाग केले, तर २५ मीटरवरून ही उंची डोळ्याला त्यातल्या सुमारे ९ भागांएवढी दिसते. डॉक्टरांच्या तक्त्यावर ६/६ च्या ओळीतलं अक्षर ५ भागांचं असतं, ६/१२ च्या ओळीतलं १० भागांचं. म्हणजे ज्याला ६/१२ ची ओळ वाचता येते, तो या परीक्षेच्या अगदी उंबरठ्याशी येतो. युरोपात आणि ब्रिटनमध्येही खासगी गाडीसाठी ६/१२ हीच किमान नजर मानतात.

आता शास्त्राकडे. 'एका डोळ्याने अंतराचा अंदाज येत नाही' हे आपण सगळेच ऐकत आलोय. ते अर्धंच खरं आहे. आपल्या दोन डोळ्यांत सहा-साडेसहा सेंटिमीटरचं अंतर असतं, त्यामुळे दोघांना किंचित वेगळी चित्रं दिसतात आणि मेंदू त्या फरकातून खोली काढतो. चार्ल्स व्हीटस्टोन यांनी १८३८ मध्ये आरशांचं उपकरण करून हे दाखवून दिलं. पण अंतर दुप्पट झालं की हा फरक चौपटीने कमी होतो. सुईत दोरा ओवताना, कपात चहा ओतताना किंवा पार्किंगमध्ये मागच्या भिंतीला गाडी टेकवताना तो मोलाचा असतो. शंभर मीटरवरून येणाऱ्या एसटीसाठी त्याचा फारसा उपयोग नसतो. तिथे दोन्ही डोळे शाबूत असलेला माणूससुद्धा वेगळ्याच खुणांवर चालतो. एसटी किती झपाट्याने मोठी होत चालली आहे, तिच्याआड काय काय झाकलं जातंय, रस्त्याच्या कडा कुठे मिळतायत, या त्या खुणा, आणि त्या एका डोळ्यालाही तितक्याच दिसतात.

खरी उणीव बाजूला असते. दोन्ही डोळे मिळून आडवं क्षेत्र साधारण १८० अंशांचं, एका निरोगी डोळ्याचं सुमारे १५० अंशांचं. युरोप आणि ब्रिटनचे नियम किमान १२० अंश मागतात, तेव्हा एक चांगला डोळा एरवी त्यात बसतो. पण गेलेले तीसेक अंश सगळे एकाच बाजूचे असतात, आणि बाजू कोणती याने पुष्कळ फरक पडतो. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे आणि चौकात आधी वाट द्यायची तीही उजवीकडून येणाऱ्याला. उजवा डोळा अधू असलेल्याने सोलापुरातल्या सात रस्ता चौकात मान पुरेशी वळवली नाही, तर नेमकी ज्याला वाट द्यायची तीच गाडी नाकाआड राहते. डावा अधू असेल तर डावीकडून घुसणाऱ्या दुचाकी उशिरा दिसतात.

याहून कमी बोलली जाणारी गोष्ट म्हणजे अंधबिंदू. डोळ्याची नस जिथून बाहेर पडते तिथे पडद्याला काहीच दिसत नाही. कागदावर ८ सेंटिमीटर अंतराने दोन ठिपके काढा, कागद साधारण ३० सेंटिमीटरवर धरा, डावा डोळा मिटा आणि उजव्याने डावा ठिपका बघत राहा. उजवा ठिपका नाहीसा होईल. कागद थोडा पुढेमागे करावा लागेल, पण होईल. दोन डोळे असले की एकाची ही खाच दुसरा भरून काढतो. एकाच डोळ्यावर भिस्त असेल तर ती उघडी राहते. २० मीटरवर तिची रुंदी जवळजवळ दोन मीटर भरते, म्हणजे दुचाकी आणि स्वार त्यात आरामात मावतात. वर मेंदू ती जागा आजूबाजूच्या रंगाने भरून टाकतो, त्यामुळे काही दिसत नाहीये हेही कळत नाही. नजर एका जागी न खिळवणं हा यावरचा उपाय.

तिसरी उणीव मंद उजेडाची. दोन डोळे एकत्र बघतात तेव्हा फिकट वस्तू ओळखण्याची ताकद एका डोळ्यापेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी जास्त असते. संध्याकाळी मोहोळकडे निघालं की सूर्य समोर, आणि अंधार पडला की गळीत हंगामात बिनरिफ्लेक्टरच्या उसाच्या ट्रॉल्या. त्या दोन्ही डोळ्यांनाही नीट दिसत नाहीत. एक डोळा असलेल्याने या वेळांना वेग कमी ठेवावा, आणि शक्य असेल तर हंगामात रात्रीचा हायवे टाळावाच.

एवढ्या उणिवा असून माणसं गाडी चालवतात कशी, याचा अभ्यास झालेला आहे. १९९१ मध्ये अमेरिकेत एका डोळ्याचे ४० आणि दोन डोळ्यांचे ४० ट्रकचालक तपासले. मंद उजेडात आणि झगमगाटात एका डोळ्याच्या चालकांची नजर कमी पडली, रस्त्यावरच्या पाट्या त्यांना जवळ गेल्यावरच वाचता आल्या. पण लेन धरून चालणं, फटीतून गाडी काढणं, धोका ओळखणं यांत फरक सापडला नाही.

मात्र डोळा नुकताच गेला असेल तर घाई नको. मान वळवण्याची नवी सवय अंगात मुरायला महिने लागतात. मन्सूर अली खान पतौडींचा उजवा डोळा जुलै १९६१ मध्ये मोटार अपघातात जायबंदी झाला, डिसेंबरात ते भारतासाठी कसोटी खेळले आणि १९६४ मध्ये दिल्लीत त्यांनी इंग्लंडविरुद्ध नाबाद २०३ धावा काढल्या. इतकी लवकर जुळवणूक सगळ्यांची होत नाही. 'आळशी' डोळ्याची गोष्ट वेगळी. त्यात मधली बारीक नजर कमी असते, कडेचं क्षेत्र बहुतेक शाबूत असतं, आणि मेंदूला लहानपणापासून सवय झालेली असते.

म्हणून अर्जाआधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. दोन्ही डोळ्यांची नजर चष्म्यासह वेगवेगळी लिहून घ्या आणि दृष्टिक्षेत्राची तपासणी, म्हणजे पेरिमेट्री, मागून घ्या. काचबिंदू असला तर तोही त्यात सापडतो. चांगल्या डोळ्यातच काचबिंदू मुरत असेल तर ते गाडीपेक्षा कितीतरी मोठं संकट आहे. मग फॉर्म खरा भरा आणि डॉक्टरांचा कागद सोबत न्या. नव्या अर्जदाराला अधिकारी नकार देऊ शकतात. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम १७ प्रमाणे तो नकार कारणांसह लेखी द्यावा लागतो, आणि त्यावर ३० दिवसांत अपील करता येतं. तोंडी 'होणार नाही' ऐकून परत येऊ नका, लेखी मागा.