टर्बो तपासायला गाडी आणताना कोड उडवून आणू नका

‘गाडी ओढत नाही, टर्बो गेलाय. नवा केवढ्याला पडेल?’ असे फोन आमच्या गॅरेजला सारखे येतात. टर्बो म्हणजे इंजिनात दाबाने हवा भरणारा पंखा. फोनवर किंमत सांगत नाही म्हणून काही ग्राहक नाराजही होतात. पण पिकअप गेला म्हणजे टर्बोच गेला असं नसतं. टर्बोची तापलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरचा रबरी होज फाटला, क्लिप निसटली, टर्बोचा दाब आवरणाऱ्या वेस्टगेट झडपेचा ॲक्चुएटर अडकला, तरी गाडी तशीच मंद पडते आणि स्कॅनरवर तोच पी ०२९९ हा बिघाडाचा कोड येतो. त्या कोडचा अर्थ एवढाच, की इंजिनाने मागितलेला हवेचा दाब मिळाला नाही. का मिळाला नाही, ते शोधावं लागतं.

म्हणून कळकळीची विनंती: येण्यापूर्वी कोड उडवू नका. ब्लूटूथ स्कॅनर आता बऱ्याच जणांकडे असतो. कोड जरूर वाचा, स्क्रीनचा फोटो काढा, पण ‘क्लिअर’ दाबू नका. बॅटरीची तारही काढू नका. कोड पडतो त्या क्षणीचे आरपीएम, लोड, वेग, कूलंटचं तापमान ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कंप्युटर, नोंदवून ठेवतो. याला फ्रीझ फ्रेम म्हणतात आणि कोडबरोबर तीही पुसली जाते. मग बिघाड पुन्हा दिसेपर्यंत आम्ही मोहोळच्या दिशेने हायवेवर फेऱ्या मारत बसतो, कारण दाबाची कमतरता इंजिनावर जोर आल्यावरच कळते. सोलापुरातल्या सात रस्ता चौकाच्या गर्दीत कळत नाही. तासाभराच्या कामाला दोन दिवस लागतात आणि पेट्रोल तुमचं जळतं.

गेल्या उन्हाळ्यात दोन लिटर टर्बो पेट्रोलची एक गाडी आली. मालकांनी कोड तीनदा उडवला होता, नव्या टर्बोचं कोटेशनही घेऊन ठेवलं होतं. आम्ही कोड परत पडू दिला, नोंद पाहिली आणि पाइपांत दाबाने धूर सोडला. इंटरकूलरच्या खालच्या होजला क्लिपच्या आड चीर होती, एरवी मिटलेली, दाब आला की उघडणारी. होज बदलला, टर्बो तोच राहिला.

टर्बो खरंच जातो तेव्हा ॲक्सिलरेटरबरोबर चढत जाणारा सायरनसारखा आवाज येतो, ऑइल कमी होत जातं, सिग्नलवर थांबून निघताना निळा धूर निघतो. अशी गाडी चालवत आणू नका, टो करून आणा. टर्बोचा शाफ्ट, म्हणजे पाती बसवलेला दांडा, मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतो. पातं तुटलं तर तुकडे इंजिनापर्यंत जाऊ शकतात. मात्र शाफ्ट बोटाने हलवून ‘ढिला झालाय’ असं लगेच ठरवू नका. बहुतेक टर्बोत बेअरिंगमध्ये ऑइलच्या थरासाठी जागा ठेवलेली असते, त्यामुळे तो आडवा किंचित हलतोच. आत-बाहेर हलत असेल किंवा पाती हाऊसिंगला घासत असतील, तर काळजीचं. पाइपात ऑइलचा हलका ओलावा दिसला, तरी घाबरू नका.

आमचं बिल थोडं मोठं वाटतं, त्याचंही कारण आहे. नुसता टर्बो बदलून आम्ही गाडी देत नाही. टर्बोला ऑइल पुरवणारी फीड लाइन जळक्या ऑइलने चोंदली असेल, तर नवा टर्बोही उपाशी मरतो. म्हणून फीड लाइन, ऑइल आणि फिल्टर नवीन घालतो, परतीची लाइन तपासतो, इंटरकूलर साफ करतो. जुने पार्ट तुमच्या हातात देतो. तपासणीची फी वेगळी आहे, पण काम आमच्याकडे केलंत तर ती बिलातून वजा होते.

आपल्याकडची धूळ आणि उन्हाळा पाहता एअर फिल्टर ठरलेल्या किलोमीटरच्या आधीच बघून घ्या. हायवेवर जोरात आल्यावर शेवटचे दोन-तीन किलोमीटर सावकाश चालवा आणि मगच इंजिन बंद करा.

गाडी रिमॅप केलेली असेल, म्हणजे ईसीयूचं सेटिंग बदललेलं असेल, तर आधी सांगा. त्यासाठी आम्ही कुणाला परत पाठवत नाही. फक्त दाबाचे आकडे कशाशी ताडायचे ते कळायला हवं. शक्यतो आदल्या संध्याकाळीच गाडी लावून जा. सकाळी थंड इंजिन सुरू करताना निघणारा पहिला धूर आम्हाला स्वतः बघायचा असतो.