पेशींचा मृत्यू रोखणारी जनुके आणि केळीचा मर रोग

बुरशी पिकाच्या पेशी मारते आणि त्यांवर जगते, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. काही बुरशींच्या बाबतीत मात्र हे मारण्याचे काम झाडच करत असते. स्क्लेरोटिनिया ही बुरशी सूर्यफूल, सोयाबीन, मोहरी अशा शेकडो वनस्पतींना कुजवते. ती ऑक्झॅलिक आम्ल सोडते, आणि त्या आम्लाच्या प्रभावाने झाडाच्या पेशी आपल्याच अंगच्या यंत्रणेने स्वतःला संपवतात. त्या मृत ऊतींवर बुरशी पोसली जाते. ही यंत्रणा ऐन वेळी रोखता आली, तर बुरशीचे अन्नच तुटेल. पिकांत प्राण्यांची जनुके घालण्याच्या प्रयोगांमागे हा विचार आहे.

पेशीच्या या नियोजित मृत्यूचा अभ्यास प्राण्यांमध्ये आधी झाला. मातीत राहणाऱ्या, जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या एका सूत्रकृमीच्या वाढीत एकूण १०९० कायिक पेशी तयार होतात आणि त्यांपैकी नेमक्या १३१ पेशी ठरलेल्या वेळी मरतात. कोणती जनुके हा मृत्यू घडवतात आणि कोणते जनुक तो थोपवते, हे या सूत्रकृमीमुळे समजले. या संशोधनाला २००२ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. मृत्यू थोपवणारे जनुक म्हणजे सीईडी-९. माणसातील बीसीएल-२ हे त्याचेच भावंड असून ते रक्ताच्या एका कर्करोगाच्या अभ्यासातून सापडले होते.

अमेरिकेतील नेब्रास्का विद्यापीठात मार्टिन डिकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही जनुके तंबाखूच्या रोपांत घातली. काही रोपांत माणसाचे बीसीएल-२ होते, काहींत सूत्रकृमीचे सीईडी-९, तर काहींत कीटकांना होणाऱ्या एका विषाणूतील मृत्युरोधक जनुक. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार अशी रोपे मृत ऊतींवर जगणाऱ्या अनेक बुरशींना दाद देईनाशी झाली आणि हा गुण पुढच्या पिढीतही उतरला. मला या प्रयोगातील दोन बारकावे सर्वांत महत्त्वाचे वाटतात. पहिला डीएनएचा. नियोजित मृत्यूत पेशी आपला डीएनए साधारण १८० बेसजोड्यांच्या (डीएनएच्या साखळीतील दुव्यांच्या) पटीत तोडते आणि डीएनएचे तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या जेलवर ते शिडीच्या पायऱ्यांसारखे एकाखाली एक दिसतात. बुरशी लागलेल्या साध्या तंबाखूत ही शिडी दिसली, जनुक घातलेल्या रोपांत ती दिसली नाही. दुसरा बारकावा असा की, याच कुळातील एका जनुकात मुद्दाम बदल करून त्याचे कार्य बंद पाडले, तेव्हा रोपांचे संरक्षणही नाहीसे झाले. परके जनुक नुसते शिरल्यामुळे रोप सावध झाले असेल, ही शंका त्यामुळे उरली नाही.

वनस्पतींत बीसीएल-२ शी उघड साम्य असलेले जनुक सापडत नाही, तरीही प्राण्यांचे प्रथिन तिथे काम करते, हे अचंबित करणारे आहे. पेशीमृत्यूच्या मुळाशी असलेल्या काही घडामोडी, विशेषतः तंतुकणिका (पेशीला ऊर्जा पुरवणारे भाग) आणि पेशीपटल यांच्याशी निगडित असलेल्या, दोन्ही सृष्टींत पुरेशा सारख्या असाव्यात, असाच त्याचा अर्थ लावावा लागतो. सीईडी-९ असलेल्या तंबाखूच्या पेशींतून खाऱ्या पाण्याच्या ताणाखाली होणारी पोटॅशियमची गळती कमी होते, असे पुढे मोजमापांतून दिसले. टोमॅटोत हीच जनुके घातल्यावर रोपांनी थंडी अधिक चांगली सोसली. रोग, क्षार आणि थंडी ही संकटे वेगवेगळी असली, तरी पेशीच्या मृत्यूचा निर्णय बहुधा एकाच टप्प्यावर येऊन ठरतो.

मात्र पेशीमृत्यू हा झाडाचा शत्रू नव्हे. तांबेरा किंवा भुरीसारखी बुरशी जिवंत पेशीतूनच अन्न घेते. तिची चाहूल लागताच झाड त्या जागेच्या मूठभर पेशी स्वतःहून मारते आणि तिची वाट अडवते. हा बचाव सरसकट बंद केला, तर एका रोगापासून वाचवलेले पीक दुसऱ्याच्या तोंडी जाऊ शकते. म्हणून असे प्रत्येक वाण दोन्ही प्रकारच्या रोगांसमोर तपासले गेले पाहिजे, याबाबत तडजोड होता कामा नये.

या तंत्राची खरी कसोटी केळीवर लागली. फ्युजारियम बुरशीमुळे होणाऱ्या मर रोगाचा 'ट्रॉपिकल रेस ४' हा प्रकार कॅव्हेंडिश या लागवडीतील केळीच्या गटाला मारतो. बुरशी मुळांतून शिरते, पाने पिवळी पडून खाली लोंबतात, खोड आडवे कापले तर आत तपकिरी चट्टे दिसतात. बुरशीनाशकाचा उपयोग होत नाही आणि तिचे बीजाणू जमिनीत दशकानुदशके टिकतात. ब्रिस्बेनच्या क्वीन्सलँड तंत्रज्ञान विद्यापीठातील जेम्स डेल यांच्या गटाने ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडील डार्विनजवळच्या, या बुरशीने पुरत्या ग्रासलेल्या शेतात ३ वर्षे चाचणी घेतली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत साध्या झाडांपैकी ६७ ते १०० टक्के झाडे रोगग्रस्त झाली वा मेली होती. दोन वाण मात्र पूर्ण निरोगी राहिले. एकात रानकेळीचे आरजीए-२ जनुक होते, दुसऱ्यात सूत्रकृमीचे सीईडी-९.

२०२४ साली ऑस्ट्रेलियाने परवाना दिला तो रानकेळीच्या जनुकाच्या वाणाला. केळीचे जनुक केळीतच, ही गोष्ट ग्राहकाला पटवणे सोपे जाते, हे खरे. तरीही सीईडी-९ मागे पडू नये, असे मला वाटते. रोगप्रतिकारक जनुक एकटे असले की बुरशी बदलून त्याला चकवण्याची शक्यता राहते. मृत्यू रोखणाऱ्या जनुकाची कार्यपद्धती निराळी असल्याने दोन्ही एकाच झाडात एकत्र आणून पाहण्याजोगी आहेत. जळगाव जिल्ह्यात रावेर-यावलच्या पट्ट्यात ऊतीसंवर्धित (टिश्यू कल्चरची) ग्रँड नैन ही कॅव्हेंडिश गटातील केळी मोठ्या प्रमाणावर लावली जाते, तिची रोपे जनुकीयदृष्ट्या जवळजवळ एकसारखी असतात, आणि रेस ४ बिहारमध्ये आढळून काही वर्षे झाली आहेत.