फास्ट ब्रेकमध्ये आधी पोहोचतो तो चेंडू

साताऱ्यात शालेय बास्केटबॉलचे सामने रंगले की कडेने एकच ओरड ऐकू येते, "पळ, पळ!" समोरच्याचा नेम चुकला, रिबाउंड, म्हणजे बास्केटवरून उसळून परतलेला चेंडू, आपल्या हाती आला, आता तो संघ सावरायच्या आत बास्केट गाठायची. हाच फास्ट ब्रेक. पण तो पायांच्या आधी हातांनी जिंकला जातो, आणि मुलांना हे पुरेसं शिकवलं जात नाही असं मला मनापासून वाटतं.

हिशेब करून पाहा. कोर्ट 28 मीटर लांब, म्हणजे अर्धं कोर्ट 14 मीटर. जोरकस पास सेकंदाला 10 मीटरहून अधिक वेगाने जातो, म्हणजे हे अंतर तो दीड सेकंदाच्या आत कापतो. 2009 मध्ये बर्लिनला उसेन बोल्टने 100 मीटरचा विश्वविक्रम केला, तेव्हा पहिल्या 20 मीटरलाच त्याला जवळपास 2.9 सेकंद लागले होते. उभ्या जागेवरून वेग घ्यायला वेळ लागतोच. मग चेंडू आपटत नेणारा नववीतला मुलगा पासची बरोबरी कशी करणार? म्हणून रिबाउंड घेणाऱ्याने हवेत असतानाच मान वळवून कडेच्या रेषेजवळचा साथीदार हेरायचा आणि पाय टेकताच पास सोडायचा.

बचाव करणारे दुहेरी अडचणीत असतात. क्षणापूर्वी ते उलट दिशेने झेपावत होते. तो वेग आधी जिरवायचा, मग वळायचं, मग पुन्हा वेग घ्यायचा. त्यातच तिघे चालून आले आणि अडवायला दोघेच असले, तर कुणाला धरायचं हेही ठरवावं लागतं. नुसता दिवा लागला की बटण दाबायला माणसाला साधारण 0.2 सेकंद लागतात. पर्याय वाढले की हा वेळ वाढतो, हे मानसशास्त्रज्ञ विल्यम हिक यांनी 1952 मध्ये दाखवून दिलं. पास देणार की ले-अप घेणार, म्हणजे बास्केटजवळ झेपावून स्वतःच चेंडू टाकणार, हे चेंडूवाल्याने शेवटपर्यंत कळू द्यायचं नाही ते यासाठीच.

अशा धावेची ऊर्जा मुख्यतः स्नायूंतल्या फॉस्फोक्रिएटिन या रसायनातून येते. पूर्ण जोर लावला की हा साठा दहाएक सेकंदांत बराचसा संपतो आणि भरून यायला काही मिनिटं जातात. भरून यायला ऑक्सिजन लागतो. साताऱ्याजवळचा यवतेश्वरचा घाट पळत चढून दम वाढवलेल्या मुलांना फायदा होतो तो इथे. पहिल्या फास्ट ब्रेकला तो जाणवणारही नाही. पण चौथ्या क्वार्टरमध्ये लागोपाठ तिसऱ्यांदा सुटायची वेळ आली, तर त्यांचे पाय इतरांच्या आधी ताजे झालेले असतात.