लग्नातलं पिणं कोणाच्या खर्चाने? विदर्भातल्या खेड्यांमधली पार्श्वभूमी

विदर्भातल्या खेड्यात सोयरीक जुळली की साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या, बैठकीत खर्चाची वाटणी होते. वऱ्हाडी किती येणार, लग्न मुलीच्या दारात की मंगल कार्यालयात, बुंदी की जिलबी, बँड कोणाचा, आंदणात काय, हे सगळं दोन्हीकडची मोठी माणसं सतरंजीवर बसून ठरवतात. प्यायच्या गोष्टींपैकी पाणी, चहा आणि मठ्ठा यांचा विषय तिथे निघतो. दारूचा निघत नाही. तरी हळदीच्या रात्री, वरातीच्या मागे आणि रिसेप्शनच्या दिवशी मांडवापासून थोडं दूर अनेक ठिकाणी ती असतेच, आणि तिचे पैसे कोणीतरी मोजतंच. ते कोण मोजतो, कसे मोजतो आणि उघडपणे का ठरत नाहीत, हे समजून घ्यायचं तर बरंच मागे जावं लागतं.

आधी पाण्याचं बोलू, कारण पिण्यातली पहिली चिंता त्याचीच होती. कापूस आणि तूर विकून हातात पैसा आला की लग्नं निघतात, म्हणजे ऐन एप्रिल-मेमध्ये, जेव्हा पारा ४५ अंशांच्या आसपास असतो. पंगतीत भाजी कमी पडली तर एक वेळ चालतं, पण वऱ्हाडाला पाणी कमी पडलं तर मुलीच्या बापाला वर्षानुवर्षं ऐकून घ्यावं लागतं. पूर्वी हे पाणी पैशाने येत नसे. गावातली पोरं आदल्या रात्री विहिरीवरून रांजण आणि टाक्या भरत, कोणाची बंडी, कोणाची बैलजोडी, कोणाची विहीर. तो गावाचा वाटा होता आणि उद्या दुसऱ्याच्या घरी कार्य निघालं की तसाच फिटत असे.

पूर्णेच्या खोऱ्यात, म्हणजे अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांमधून जाणाऱ्या खारपाणपट्ट्यात, ही गोष्ट आणखी अवघड होती. तिथे विहीर खणली तरी पाणी खारं लागतं. त्या पाण्यात डाळ नीट शिजत नाही आणि पाहुण्यांना ते पाजवतही नाही. त्यामुळे लग्नाचं गोडं पाणी दुसऱ्या गावाहून बंडीने आणावं लागे. आज त्याची जागा टँकरने आणि आरओच्या वीस लिटरच्या जारने घेतली आहे. श्रमाने फिटणारी गोष्ट रोखीवर आली आणि तिथूनच पैसे कसे द्यायचे हा प्रश्न सुरू झाला. कॅटररच्या ताटाच्या दरात पाणी धरलंय की नाही? जार आणले तितक्यांचे पैसे की रिकामे झाले तितक्यांचेच? सील न फोडलेले जार परत घेणार का? हे आधी विचारून घेणारा माणूस माझ्या मते शहाणा. ज्या घरी हे विचारलं जात नाही तिथे लग्नाच्या संध्याकाळी जारवाला आणि मुलीचा भाऊ मांडवाच्या कोपऱ्यात हुज्जत घालताना दिसतात.

चहा आणि मठ्ठ्याचं मात्र फारसं भांडण नाही. वऱ्हाड जानोशावर, म्हणजे त्याला दिलेल्या मुक्कामाच्या जागी, उतरलं की चहा-नाश्ता मुलीकडचे देतात, पंगतीतला मठ्ठा त्यांचाच. लग्न मुलीकडे आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीचा स्वागत समारंभ मुलाकडे, ही वाटणी बहुतेक समाजांत पक्की आहे, म्हणून रिसेप्शनच्या दिवशीचं थंड, सरबत, पाणी हे मुलाच्या बापाच्या खात्यावर जातं.

दारूचा इतिहास वेगळा आहे आणि तो सगळ्या समाजांत एकसारखा नाही. पूर्व विदर्भातल्या गोंड गावांत मोहाची दारू ही सोयरिकीचा भाग होती. ती लपवायची गोष्ट नव्हती. मागणी घालायला जाताना मुलाकडचे ती घेऊन जात, पितरांना आणि देवांना तिचा मान आधी असे, मग जाणते लोक ती वाटून घेत. इथे खर्च मुलाकडचा, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. मुलगी देणाऱ्या घरावर बोजा न टाकणारी ही पद्धत होती. मोहफुलं मार्च-एप्रिलमध्ये पडतात आणि लग्नंही त्याच सुमारास असतात, त्यामुळे रोख पैसा लागतच नसे. रानातून वेचलं, घरी गाळलं, कार्यात वाटलं.

हे गणित इंग्रजांच्या अबकारी कायद्यांनी मोडलं. १८५३ मध्ये वऱ्हाड प्रांत, म्हणजे पश्चिम विदर्भ, निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आला, १८६१ मध्ये पूर्व विदर्भासह मध्य प्रांत बनला, आणि दोन्हीकडे दारू हे सरकारी उत्पन्नाचं साधन झालं. भट्ट्यांचे आणि दुकानांचे ठेके लिलावाने जाऊ लागले. जे घरी गाळलं जात होतं ते गुन्हा ठरलं आणि तीच गोष्ट ठेकेदाराकडून विकत घ्यावी लागली. रिवाज तसाच राहिला, पण त्याला किंमत चिकटली. जातपंचायतींमध्ये दंड म्हणून पंचांना आणि भाऊबंदांना जेवण आणि दारू देण्याची चाल अनेक समाजांत होती, तिचाही खर्च आता रोखीत होऊ लागला. सावकाराच्या वहीत लग्नकार्याच्या नावाने पडणाऱ्या रकमांमध्ये हे पैसे मिसळलेले असत.

याच्याविरुद्ध विदर्भातून एक ठाम आवाज उठला तो एका घरगुती कार्यातून. डेबूजी झिंगराजी जाणोरकर, म्हणजे पुढचे गाडगेबाबा, १८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेणगावात परीट कुटुंबात जन्मले. वडील दारूपायी लवकर गेले आणि लहानपण मामाच्या घरी दापुऱ्याला राबण्यात गेलं. त्यांच्या मुलीच्या बारशाला भाऊबंदांची अपेक्षा ठरलेली होती: बकरं आणि दारू. डेबूजींनी गोडाचं जेवण दिलं. सगेसोयरे नाराज झाले, पण ते मागे हटले नाहीत. यात फक्त दारूला विरोध नव्हता. पाहुण्याला काय पाजायचं हे यजमानाने ठरवायचं, आणि ते ऐपतीच्या आत ठरवायचं, असा तो हक्क होता. १९०५ मध्ये घर सोडल्यावर १९५६ पर्यंत कीर्तनांतून ते हेच सांगत राहिले. कर्ज काढून सण-लग्न करू नका, दारूला शिवू नका, पोरांना शिकवा. वऱ्हाडी बोलीतले त्यांचे साधे प्रश्न ऐकायला हजारो माणसं बसत. पुढे गुरुकुंज मोझरीहून तुकडोजी महाराजांनी गुरुदेव सेवा मंडळामार्फत हाच विचार गावोगाव नेला.

कायद्याने दारू बंद करण्याचे प्रयत्नही याच काळातले. मध्य प्रांत आणि वऱ्हाडात १९३८ मध्ये दारूबंदीचा कायदा झाला. मुंबई राज्याचा १९४९ चा दारूबंदी कायदा पुढे महाराष्ट्राचा म्हणून विदर्भालाही लागू झाला आणि आजही राज्यातल्या दारूचा सगळा व्यवहार त्याच चौकटीत चालतो. म्हणजे कायद्याच्या नजरेत दारू ही मुळात बंद आहे आणि परवाना ही सवलत. १९७३ च्या नियमांनी देशी दारूच्या परवानाधारक दुकानांची घडी बसली. वर्धा जिल्हा मात्र गांधीजींच्या सेवाग्राममुळे १९७५ पासून कोरडा राहिला. गडचिरोलीत लोकांच्या आंदोलनानंतर १९९३ मध्ये दारूबंदी आली, त्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांचा मोठा वाटा होता. चंद्रपुरात पारोमिता गोस्वामी यांच्या श्रमिक एल्गारच्या झेंड्याखाली बायांनी वर्षानुवर्षं लढा दिला आणि १ एप्रिल २०१५ पासून तिथेही बंदी झाली. मे २०२१ मध्ये मंत्रिमंडळाने ती उठवली.

या बंद्यांनी लग्नातला खर्च कसा बदलला, हे फार कमी लिहिलं गेलं आहे. ज्या जिल्ह्यात दुकान नाही तिथे पिणारा थांबला असं सरसकट झालं नाही. चंद्रपूरची बंदी असताना वर्धा नदी ओलांडली की यवतमाळ जिल्ह्यातलं वणी होतं. वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावकराला नदीपलीकडे धामणगाव आहे. गडचिरोलीतल्या सिरोंच्याला प्राणहिता ओलांडली की तेलंगणाच. पण चोरून आणलेल्या बाटलीची किंमत जास्त, पावती नाही, आणि नकली निघाली तर दाद मागायची सोय नाही. त्यामुळे हा खर्च नवरदेवाच्या बापाच्या हातून निघून नवरदेवाच्या मित्रांकडे आणि चुलतभावांकडे सरकला. तेच आणतात, तेच वाटतात. पैसे मात्र नंतर घरातूनच काढले जातात, कधी ‘गाडीचं डिझेल’ म्हणून, कधी ‘बँडवाल्याचं जास्तीचं’ म्हणून. बंदीला माझा विरोध नाही. ज्या बाईचा नवरा दारू पिऊन घरी येतो तिला बंदीने किती दिलासा दिला हे त्या जिल्ह्यांमधल्या बायांनीच सांगितलं आहे. पण लग्नाच्या हिशेबात बंदीमुळे आलेलं लपवणं बंदी नसलेल्या जिल्ह्यांतही मुरलंय, एवढं नोंदवलं पाहिजे.

उघड करायचं तर कायदेशीर वाट आहे. समारंभात दारू द्यायची असेल तर राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून त्या एका दिवसापुरता एफएल-४अ परवाना घ्यावा लागतो. पिणाऱ्याकडेही पिण्याचा परवाना असावा लागतो. त्याचे एका दिवसाचे दर अनेक वर्षं देशीसाठी २ आणि विदेशीसाठी ५ रुपये असे राहिले आहेत. वय बिअर आणि वाइनसाठी २१, बाकी दारूसाठी २५ पूर्ण लागतं, म्हणजे नवरदेवाचे अर्धे मित्र तिथेच गळतात. नागपूरच्या हॉटेलांत आणि रिसॉर्टांत हे सगळं पॅकेजमध्ये बसवून देतात: माणशी दर, किंवा जितकं संपेल तितकं बिल, किंवा बाटल्या तुमच्या आणि वाढण्याचे पैसे आमचे. तालुक्याच्या लॉनवर आणि गावच्या मांडवात असा परवाना काढणारं घर विरळाच. तिथे चालतात त्या जुन्या तऱ्हा. नवरदेव मित्रांच्या हातात एकरकमी पैसे देतो आणि ते धाब्यावर जातात. किंवा मित्रच वर्गणी काढतात. किंवा कोणीतरी मामा ‘माझ्याकडून’ म्हणून पेटी आणतो आणि ते ऋण पुढच्या लग्नात फेडावं लागतं.

या तिन्हींत वर्गणी मला सगळ्यात प्रामाणिक वाटते. ज्याला प्यायचं त्याने खर्च करावा, आणि ज्या घरात मुलगी येते आहे किंवा जाते आहे त्या घरावर तो पडू नये. मामाची पेटी सगळ्यात महाग. कारण आहेराची वही असते, तीत कोणी किती रुपये आणि कोणतं लुगडं दिलं हे लिहिलेलं असतं आणि पुढच्या कार्यात ते त्याच हिशेबाने परत जातं. दारूची पेटी त्या वहीत चढत नाही. ती फक्त लक्षात ठेवली जाते, आणि लक्षात ठेवलेला आकडा वाढतच जातो.

बायांनी या प्रश्नाला वेगळ्या बाजूने हात घातला. राज्याच्या २००८ च्या आदेशानुसार गावातल्या एक चतुर्थांश महिला मतदारांनी मागणी केली तर दारू दुकानाबाबत मतदान घेता येतं आणि निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडव्या बाटलीला मत दिलं तर दुकान बंद होतं. आदिवासी स्वशासनाच्या पेसा कायद्याने १९९६ पासून आदिवासी भागातल्या ग्रामसभांनाही मादक पदार्थांवर नियंत्रणाचा अधिकार दिला आहे. असे ठराव झालेल्या गावात मांडवाशेजारी बाटली काढणं हा पाहुण्यांच्या सोयीचा प्रश्न उरत नाही, ते गावाच्या ठरावाविरुद्ध जाणं होतं. बाहेरगावच्या वऱ्हाडाला हे आधीच सांगावं लागतं.

पश्चिम विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांनंतर २००० च्या दशकात सरकारने सामूहिक विवाहांना मदत सुरू केली. जोडप्यामागे १०,००० रुपये अशी तिची सुरुवात होती. या विवाहांमध्ये पंगत एक, मांडव एक, पाण्याचे टँकर एक आणि दारूला जागा नाही. ज्या बापांनी मुलींची लग्नं त्यात लावली त्यांना पाण्याचा जारही मोजावा लागला नाही. रिसेप्शन मात्र त्यानंतर मुलाच्या गावी वेगळं होतं, आणि तिथला पिण्याचा खर्च पुन्हा त्या घरच्या माणसांनाच ठरवावा लागतो. तो ठरवायचा तर साक्षगंधाच्या दिवशी, ताटांचा आकडा लिहिताना, दोन्ही व्याही समोरासमोर बसलेले असतानाच.