लंडनचं मेट्रोलँड: शांत इंग्लिश उपनगरातलं राहणं

लंडनच्या वायव्येला हॅरो, पिनर, ईस्टकोट, राइस्लिप, रेनर्स लेन, नॉर्थवुड असा जो लांबलचक पट्टा पसरलाय त्याला मेट्रोलँड म्हणतात. शांत इंग्लिश उपनगर कसं असतं हे समजून घ्यायचं तर हाच भाग बघावा. मेट्रोपॉलिटन रेल्वेने १९१५ साली जाहिरातीसाठी हे नाव काढलं आणि १९३२ पर्यंत त्याच नावाची पुस्तिका दरवर्षी छापली, त्यात मोकळी हवा, बागेतलं घर आणि ऑफिसला नेणारी गाडी असं सगळं एकत्र मिळेल असं सांगितलेलं असायचं. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, इथली शांतता आपोआप आलेली नाही. ती आखून, कायदे करून आणि शेजाऱ्यांच्या सवयींनी रोज सांभाळून टिकवलेली आहे, आणि तिची किंमतही असते.

सुरुवात रेल्वेपासून. गाडी १८८० ला हॅरोला पोचली, १८८५ ला पिनरला, आणि १९०४ ला अक्सब्रिजचा फाटा सुरू झाला. बाकीच्या रेल्वे कंपन्यांना रुळांसाठी घेतलेली जास्तीची जमीन विकून टाकावी लागायची, मेट्रोपॉलिटनला मात्र ती स्वतःकडे ठेवून त्यावर घरं बांधायची मुभा होती, म्हणून १९१९ मध्ये त्यांनी वेगळी जमीन कंपनीच काढली आणि रेनर्स लेनसारख्या शेतातल्या थांब्याभोवती दहाएक वर्षांत आख्खी वस्ती उभी राहिली. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात इंग्लंड आणि वेल्समध्ये चाळीस लाखांच्या आसपास घरं बांधली गेली. बिल्डिंग सोसायट्या, म्हणजे घरासाठी कर्ज देणाऱ्या संस्था, कमी डिपॉझिटवर कर्ज देत होत्या त्यामुळे कारकून, शिक्षक, दुकानातले मॅनेजर अशा लोकांना पहिल्यांदा स्वतःचं घर घेता आलं. हे मला खरंच मोठं वाटतं, कारण त्याआधी या लोकांचे आईवडील बहुतेक भाड्याच्या, धुराने काळ्या पडलेल्या घरांत राहिले होते.

मग हे वाढत का गेलं नाही? १९३८ चा ग्रीन बेल्टचा, म्हणजे शहराभोवतीची जमीन मोकळी ठेवण्याचा कायदा आणि १९४७ चा नगररचनेचा कायदा, या दोघांनी लंडनचं पसरणं अडवलं. म्हणून आजही काही ठिकाणी घरांची शेवटची रांग संपते आणि पलीकडे थेट शेतं, घोडे, झाडी. उपनगर जिथे थांबलं तिथेच थांबलेलं आहे.

इथलं ठरलेलं घर म्हणजे सेमी, म्हणजे एका भिंतीने जोडलेली दोन घरं. पुढे गोल बाहेर आलेली खिडकी, भिंतीवर बारीक खडी मारलेला गिलावा, वर जुन्या ट्यूडर घरांसारख्या काळ्या लाकडी पट्ट्या, ज्या बहुतेक ठिकाणी फक्त शोभेच्या असतात. खाली दोन खोल्या आणि किचन, वर दोन बेडरूम, बाथरूम आणि एक बॉक्स रूम, जिच्यात एक पलंग टाकला की चालायला जागा उरत नाही. पुढे छोटी बाग, मागे लांब बाग. घरं इतकी विरळ का, तर रेमंड अनविन नावाच्या आर्किटेक्टने एकरी बारा घरं पुरेत असं मांडलं होतं आणि पहिल्या महायुद्धानंतर सरकारी घरांसाठी तोच आकडा उचलला गेला. अनविननेच आखलेल्या हॅम्पस्टेड गार्डन सबर्बमध्ये तर ते उपनगर वसवणाऱ्या हेन्रिएटा बार्नेट बाईंनी आणखी पुढची अट ठेवली होती, आवाज नको म्हणून चर्चच्या घंटासुद्धा नकोत. १९०७ ला तिथलं बांधकाम सुरू झालं. शांतता ही नकाशावर आखायची गोष्ट आहे हे इतकं स्पष्ट दुसऱ्या कुणी मांडलेलं मला माहीत नाही.

आता रोजचं राहणं. सकाळी सात ते साडेआठ रस्त्यावर थोडी हालचाल असते, स्टेशनकडे चालत जाणारे लोक, युनिफॉर्ममधली मुलं, कुत्र्याला फिरवणारे. नऊ वाजले की संपलं, मग दुपारी तीनला शाळा सुटेपर्यंत रस्त्यावर पोस्टमन, डिलिव्हरीची व्हॅन आणि मांजरं. भारतातून नवीन आलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यात कान बंद झाल्यासारखं वाटतं, हॉर्न नाही, भाजीवाल्याची हाक नाही, कुकरच्या शिट्ट्या नाहीत, शेजारच्या टीव्हीचा आवाज नाही. नंतर हळूहळू इथले आवाज कळायला लागतात. ब्लॅकबर्ड पहाटे गातो, पाऊस थांबला की शनिवारी सगळीकडे एकदमच लॉनमोवर सुरू होतात, लांबून गाडी रुळ बदलते ते ऐकू येतं, जानेवारीच्या रात्री कोल्हे ओरडतात आणि ते ओरडणं इतकं भयंकर असतं की नवीन माणसाला कुणीतरी संकटात आहे असंच वाटतं. हे कोल्हे याच घरांमुळे आलेत बरं का, १९३० च्या सुमारास मोठ्या बागा असलेली घरं वाढली आणि शेताकडचे कोल्हे बागेतल्या शेडखाली राहायला लागले. उन्हाळ्यात आइस्क्रीमची गाडी येते, तिची धून एका वेळी बारा सेकंदांपेक्षा जास्त वाजवायची नाही आणि दुपारी बारा ते संध्याकाळी सात याच वेळात वाजवायची असा सरकारी नियम आहे! रात्री अकरा ते सकाळी सात हा आवाजाच्या कायद्याने रात्रीचा वेळ, त्यात फार गोंगाट झाला तर काउन्सिलकडे, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडे, तक्रार करता येते.

शेजाऱ्यांचं नातं समजायला वेळ लागतो. कुणी न सांगता घरात येत नाही, चहाला बोलवायचं तर चार दिवस आधी विचारतात, आणि पहिली दोनतीन वर्षं बोलणं मॉर्निंग, यू ऑलराइट आणि हवेच्या पुढे फारसं सरकत नाही. पण याला थंडपणा म्हणणं चुकीचं आहे असं मला ठाम वाटतं. तुम्ही गावाला गेलात तर शेजारी न सांगता तुमचे कचऱ्याचे डबे बाहेर काढून ठेवतो, तुमचं पार्सल घेऊन ठेवतो, बर्फ पडला तर तुमच्या दारापुढचाही साफ करतो, आणि त्याबद्दल नंतर बोलतसुद्धा नाही. एकमेकांना त्रास न देणं हाच इथे प्रेम दाखवायचा मार्ग आहे. अर्थात भांडणंही होतात, आणि ती बहुतेक कुंपण, पार्किंग आणि झाडांवरून. लेलँडी नावाची सदाहरित झाडं लोक आडोशाला लावतात, ती भराभर वाढून शेजाऱ्याचं ऊन अडवतात, आणि यावरून इतकी वैरं झाली की शेवटी २००३ च्या कायद्यात दोन मीटरपेक्षा उंच झाडांच्या कुंपणाबद्दल वेगळा भाग घालावा लागला.

उजेडाचा विषय टाळता येत नाही. डिसेंबरमध्ये चारच्या आत सूर्य मावळतो, जूनमध्ये रात्री सव्वानऊलाही उजेड असतो, त्यामुळे एकाच रस्त्यावर दोन वेगळी आयुष्यं चालतात. उन्हाळ्यात बार्बेक्यू, कुंपणावरून गप्पा, सायकली. हिवाळ्यात पडदे बंद, आणि कित्येक आठवडे शेजारी दिसतही नाही. उजेड वाया जाऊ नये म्हणून उन्हाळ्यात घड्याळ पुढे आणि हिवाळ्यात परत मागे करायची कल्पना लावून धरणारा विल्यम विलेट हाही लंडनच्या चिझलहर्स्ट उपनगरात राहणारा बिल्डर होता, १९०७ पासून तो मागे लागला होता, १९१६ ला कायदा झाला तेव्हा तो हयात नव्हता.

आता किंमत. १९३८ मध्येच स्टीफन टेलर या डॉक्टरने लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात उपनगरातल्या नव्या गृहिणींच्या आजारपणावर लिहिलं होतं, नवरा दिवसभर शहरात, बाई नव्या घरात एकटी, ना आई जवळ ना ओळखीचं कुणी, आणि मग पाठ दुखते, झोप येत नाही, वजन उतरतं. आज बायका नोकरी करतात, पण तेच एकटेपण आता वेगळ्या माणसांकडे आलंय. पुण्या-नाशिकहून सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर आलेले आईबाबा बघा. मुलगा-सून कामावर, नात शाळेत, आणि आई खिडकीशी बसून रस्त्याकडे बघते, दोन तासांत दोन माणसं जातात. बाबा रोज पार्कपर्यंत चालून येतात, बाकावरच्या म्हाताऱ्यांना हॅलो म्हणतात. अशा वेळी लायब्ररी, हॅरो-वेम्बलीकडची देवळं, गुजराती दुकानं आणि बसचा वरचा मजला यांचा फार आधार होतो. इंग्रज म्हाताऱ्यांचंही वेगळं नाही, मुलं लांब, जोडीदार गेलेला, मोठं घर अंगावर येतं. २०१८ मध्ये ब्रिटिश सरकारने एकटेपणाचं काम एका मंत्र्याकडे सोपवलं. शांत रस्त्यावर कुणाचं काय चाललंय हे बाहेरून कळत नाही, ही या राहण्यातली सगळ्यात गंभीर त्रुटी आहे आणि ती लपवून उपनगराचं कौतुक करणं मला पटत नाही.

मेट्रोलँड आता नुसतं इंग्रजांचं राहिलेलं नाही. १९७२ मध्ये युगांडातून हाकललेली भारतीय वंशाची बरीच कुटुंबं वेम्बली-हॅरोकडे स्थिरावली, नंतर आयटीवाले आले, त्यात मराठी लोकही बरेच. महाराष्ट्र मंडळ लंडन १९३२ चं, त्याची वास्तू याच बाजूला डॉलिस हिलमध्ये आहे, गणपतीला लोक लांबलांबच्या उपनगरांतून तिथे जातात. दिवाळीला रात्री एकपर्यंत फटाके वाजवायला कायद्यानेच परवानगी आहे, एरवी अकरा. पिनरला दुसरीकडे मे-जूनमध्ये हाय स्ट्रीटवर जत्रा भरते, तिची सनद १३३६ ची, तिसऱ्या एडवर्ड राजाची, आणि त्या दिवशी पाळणे, दिवे आणि गाण्यांनी सगळा रस्ता दणाणतो, कुणी तक्रार करत नाही.

सध्या हे सगळं बदलतंय. पुढच्या बागा उखडून गाड्यांसाठी फरशी घातली जाते, पावसाचं पाणी मुरत नाही म्हणून २००८ पासून पाणी न मुरणारी पाच चौरस मीटरपेक्षा जास्त फरशी घालायला परवानगी लागते. माळ्यावर खोल्या चढतात, मागे एक्स्टेन्शन निघतं, एका सेमीत दोन कुटुंबं राहतात कारण तरुणांना एकट्याला घर परवडत नाही. जी घरं साध्या कारकुनासाठी बांधली होती तिथे आता दोन चांगले पगार असले तरी कर्ज मिळवताना दमछाक होते, आणि स्टेशनजवळच्या कार पार्कवर उंच फ्लॅट बांधायचे की नाही यावर प्रत्येक उपनगरात सभा भरतात, ज्यांचं घर आधीच आहे ते नको म्हणतात आणि ज्यांना हवंय ते बहुतेक वेळा त्या सभेत नसतात.