रंगवलेला नको, मळलेला आणा

जीप, जिप्सी, थार आणि इतर फोर बाय फोर गाड्यांचे जुने स्पेअर घेणाऱ्या-विकणाऱ्या ग्राहकांसाठी

नवखा ग्राहक कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या आमच्या दुकानात आला की आधी चकचकीत माल उचलतो. एक्सलच्या हौजिंगवर (बाहेरच्या लोखंडी खोळीवर) ताजा काळा रंग, नटांवर चंदेरी, हाताला डागसुद्धा लागत नाही. आम्ही त्याच्यापुढे शेजारचं तेलकट, चिखल वाळलेलं हौजिंग ठेवतो तेव्हा त्याचं तोंड वाकडं होतं. पण जुन्या भागाची हकीकत त्या मळातच असते. तेल कुठून झिरपत होतं, कुठला बोल्ट अलीकडे खोलला, वेल्डिंग कुठे झालंय, हे मळावरून कळतं. रंग मारला की ते सगळं झाकलं जातं.

याची किंमत आम्ही मोजलेली आहे. सुरुवातीच्या काळात परगावच्या एका विक्रेत्याकडून रंगवलेला ट्रान्सफर केस (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या एक्सलला वाटणारा गिअरचा डबा) आणला आणि एका ग्राहकाच्या जीपला बसवून दिला. पहिल्याच पावसाळ्यात गगनबावड्याच्या रस्त्याला ती जीप बसली. केस उतरवून रंग खरवडला, तर माउंटिंगच्या कानापासून बेअरिंगच्या बैठकीपर्यंत तडा गेलेला आणि त्यावर वरवर वेल्डिंग फिरवलेलं. गाडी ओढून आणली, ग्राहकाचे पैसे परत दिले. तेव्हापासून रंगवून आलेला भाग खरवडून बघितल्याशिवाय आम्ही आत घेत नाही. तुम्हीही घेऊ नका, आमच्याकडूनसुद्धा.

तडा कसा ओळखायचा

हे फाउंड्रीचं गाव आहे, कास्टिंग वाजवून बघायला इथं कुणाला शिकवावं लागत नाही. भाग मोकळा टांगा आणि लहान हातोडीने हलकं ठोका. धड कास्टिंग खणखणीत वाजतं, तडा असेल तर आवाज बद्द येतो. शंका राहिली तर रॉकेल किंवा डिझेल लावून थोडा वेळ मुरू द्या, कोरड्या फडक्याने स्वच्छ पुसा आणि वरून खडूची पूड भुरभुरा. तड्यात मुरलेलं तेल वर येतं आणि पांढऱ्या पुडीवर काळसर रेघ उमटते. अर्ध्या तासाचं काम आहे. त्यासाठी विक्रेता थांबायला तयार नसेल तर तो भाग तिथेच ठेवा.

तेल बघा

डिफरन्शियल (एक्सलच्या मधला, दोन्ही चाकांना ताकद वाटणारा गिअरचा संच) किंवा गिअरबॉक्स घेताना तेल काढून आणलेलं नसेल तर उत्तम. बोट बुडवून उन्हात धरा. काळं तेल चालतं. ड्रेन प्लगला केसासारखा बारीक चुरा असला तरी घाबरू नका, पण लोखंडाचे तुकडे किंवा चकाकणारे पापुद्रे दिसले तर दात किंवा बेअरिंग गेलंय. तेल दुधाळ, चहासारखं असेल तर आत पाणी शिरलंय.

आपल्याकडे हे पाणी फार वेळा सापडतं आणि त्याचं कारणही साधं आहे. चालून तापलेला एक्सल ओढ्यातल्या गार पाण्यात उतरला की आतली हवा आकसते. हौजिंगवरची ब्रीदरची नळी चिखलाने बुजलेली असेल तर हवा तिकडून येत नाही. मग सीलच्या कडेने पाणी आत ओढलं जातं. एवढ्यावरून भाग बाद करू नका. झाकण काढा आणि बेअरिंग बाहेर घ्या. रोलर फिरत राहिले असतील तर बहुतेक वेळा तेल, सील आणि बेअरिंग बदलून काम भागतं. पण बेअरिंगच्या कपावर रोलरच्या अंतराने काळ्या-तांबूस आडव्या रेघा दिसल्या, तर तो भाग पाण्यात बरेच दिवस नुसता पडून होता. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरात पंचगंगेचं पाणी शिरोलीपाशी हायवेवर आलं होतं, त्या पुरात बुडालेल्या गाड्यांचे भाग बाजारात फिरले. असं बेअरिंग तर टाकाच, शिवाय क्राऊन-पिनियनच्या (डिफरन्शियलमधल्या मोठ्या आणि छोट्या गिअरच्या) दातांवर नख फिरवून बघा. खड्डे नखाला लागले तर तो सेट घेऊ नका. बुडालेल्या गाडीचा ईसीएम (इंजिनचा संगणक) किंवा वायरिंग आम्ही कोणत्याही भावात घेत नाही.

दात मोजा

बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन हौजिंगच्या आत वेगळा रेशो (क्राऊनचे दात भागिले पिनियनचे) असू शकतो. क्राऊनला ४३ आणि पिनियनला ८ दात असतील तर रेशो ५.३८, ३९ आणि ८ असतील तर ४.८८. पुढे ५.३८ आणि मागे ४.८८ बसला, तर फोर बाय फोर टाकल्यावर मागचं चाक १० फेरे घेतं तेव्हा पुढचं जेमतेम ९. चिखलात चाकं घसरून हा फरक निभावतो. डांबरीवर सगळा ताण ट्रान्सफर केसवर येतो, लिव्हर अडकतो आणि शेवटी काहीतरी तुटतं. म्हणून ‘त्याच मॉडेलचा आहे’ या शब्दावर जाऊ नका, झाकण उघडून दात मोजा.

क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जोडीने तयार होतात. दोन्हींवर जोडीचा नंबर असतो, तो जुळतो का बघा. वेगवेगळ्या जोडीतला माल कितीही नवा वाटला तरी घरघर करणारच.

एक्सल शाफ्टच्या टोकाच्या खाचा लांबून, डोळ्याच्या रेषेत धरून बघा. त्या सरळ हव्यात. पीळ पडलेल्या दिसल्या तर शाफ्ट आधीच मरणाचा ताण खाऊन आलाय.

जुनं घेऊ नये असं

ब्रेकचे होज व रबर किट, सीटबेल्ट आणि वेल्ड केलेला स्टेअरिंगचा कुठलाही भाग आम्ही विकायला ठेवत नाही. विंचची (अडकलेली गाडी ओढायच्या चरखीची) वायर एकदा मुडपून सरळ केलेली असेल तर ती नवीन घ्या. टायरच्या बाजूला डॉट खुणेच्या शेवटी चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. गुट्ट्या उंच आहेत म्हणून भुलू नका. वय झालेलं रबर कडक होतं आणि ओल्या दगडावर पकड देत नाही.

कागद

इंजिन घेताना ते ज्या गाडीतून निघालं तिच्या आरसीची प्रत आणि बिल हवंच. खोदलेला इंजिन नंबर त्या आरसीशी स्वतः ताडून बघा. नंबर घासलेला असेल तर पुढे बोलू नका. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. इंजिन बदलायचं तर मोटार वाहन कायद्याचं, गाडीतल्या बदलांबद्दलचं कलम ५२ लागू होतं, म्हणून आधी आरटीओत विचारा. पुढचे बुल बार (बंपरवर लावायचे लोखंडी दांडे) केंद्रीय परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच बेकायदा ठरवले आहेत, ते आमच्याकडे मागू नका.

विकायला आणताना

धुऊ नका, रंगवू नका. भाग गाडीवर असतानाच फोटो काढा, जमलं तर चालू गाडीचा आवाजही रेकॉर्ड करा. शिम (फट जुळवायच्या पातळ चकत्या), नट, बोल्ट एका पिशवीत घालून तारेने त्याच भागाला बांधा. शिम हरवलेला डिफरन्शियल सेट करायला आमच्या मिस्त्रीचा दिवस जातो आणि तेवढे पैसे तुमच्या किमतीतून वजा होतात. भाग का काढला तेही सांगा. ‘तिसऱ्या गिअरला आवाज येतो’ असं सांगणाऱ्याला आम्ही जास्त भाव देतो, कारण न सांगितलेल्या दोषाचा धोका धरून किंमत खाली आणावी लागत नाही.

आमच्याकडून नेलेला भाग १० दिवसांत बसवून बघा. सांगितला नव्हता असा दोष निघाला तर पूर्ण पैसे परत. भाग मात्र आहे तसा आणा.

येताना तुमच्या गाडीचा निघालेला जुना भाग, तुटका का असेना, सोबत घेऊन या. दोन्ही बाकावर शेजारी ठेवून दात मोजू. सोमवारी दुकान बंद असतं.