आल्याने चहा फाटतो, पण आंबटपणामुळे नाही!

पावसाळा लागला की गवती चहा, वेलची, आलं घालून चहा होतोच आणि मग कुणीतरी सांगतंच की आलं आंबट असतं म्हणून दूध फाटतं. तसं नाहीये हो! आल्यात झिंजिबेन नावाचं एन्झाइम असतं, ते दुधातलं प्रोटीन तोडतं आणि साधारण ६०-७० डिग्रीला जोरात काम करतं, चीनमधल्या ग्वांगडाँगकडे तर गरम दुधात आल्याचा रस घालून आपल्या खरवसासारखा मऊ गोड पदार्थ लावतात तो याच गुणावर. उकळलं की मात्र ते निकामी होतं. म्हणून किसलेलं आलं आधी पाण्यात दोन-तीन मिनिटं मस्त खळखळू द्या, मग चहा पावडर, दूध सगळ्यात शेवटी. दूधच शिळं असेल तर गोष्ट वेगळी.